चार बोटं उंच गाडी

नळदुर्गच्या हमरस्त्यावर ऐंशी-ब्याऐंशी सालात ज्यांनी दूध संघाची पिकअप पाहिली असेल, त्यांच्या ती ध्यानात राहिली असणार. ढाब्यापुढं चार गाड्यांच्या रांगेत उभी राहिली, की टाचा उंचावून पलीकडचं काहीतरी बघत असल्यासारखी दिसायची. तिचा ड्रायव्हर गुलाब दुपारगुडे मात्र अंगानं ठेंगणा. आत चढताना त्याला दाराच्या कडीला धरून लोंबकळावंच लागायचं. लोक हसायचे. तोही हसायचा आणि म्हणायचा, "हसा. हिला उंच करताना माझा घाम गेलाय, तिची उंची म्हंजे माझीच उंची."

गुलाब मूळचा तामलवाडीचा. छप्पन सालानंतर ज्या घरांनी बौद्ध धम्म घेतला, त्यांतलं त्याचं घर. वडील लवकर गेले. बहात्तरच्या दुष्काळात आईच्या माहेराकडं, नळदुर्गच्या अलीकडं रस्त्याचं काम निघालं, तेव्हा मायलेक तिथंच पाल ठोकून खडी फोडायला बसले. रस्ता हमरस्त्यापासून निघून डोंगरातल्या धोंडवाडीला जायचा होता. उन्हात आईला ताप भरला आणि ती पालातच पडून राहिली. दिवसाची खडी पुरी झाली नाही तर हजेरी लागत नसे. त्या वेळी धोंडवाडीची जाईबाई शेजारच्या ढिगावर होती. तिनं कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. स्वतःची खडी झाली की गुलाबच्या आईच्या ढिगापुढं बसायची आणि दिवस कलेपर्यंत हातोडा चालवायची. आई उठून कामाला लागेस्तवर हे चाललं होतं. गुलाब तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. जाईबाईच्या हातावरचे फोड त्यानं पाहिले होते.

त्याच कामावर खडीच्या ट्रकवर बाबू नावाचा ड्रायव्हर होता. दुपारच्या सुट्टीत त्यानं गुलाबला स्टिअरिंगवर बसवलं आणि शिव्या देत देत गाडी शिकवली. "माझं जे काय चांगलं झालं, ते त्या फुफाट्यात झालं," असं गुलाब पुढं नेहमी म्हणायचा. लोकांना त्या वर्षाची आठवण नकोशी वाटे. गुलाबला तिथं भेटलेली माणसं आठवत.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, दुष्काळी काम बंद पडलं आणि रस्ता ओढ्यापाशी येऊन थांबला. ओढ्यापलीकडं धोंडवाडीपर्यंत जुनी गाडीवाटच राहिली. दोन्ही बाजूंना बैलगाडीच्या चाकांनी खोल गेलेली चाकोरी आणि मधोमध खडकाची उघडी धार, बैलाच्या पाठीच्या कण्यासारखी.

दूध संघ निघाला, संघानं पिकअप घेतली आणि चेअरमन आबारावांनी गुलाबला ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं. आबाराव बोलायला कडक, पण माणूस ओळखणारे. गावोगावचं दूध गोळा करून नळदुर्गला आणायचं, असं काम. धोंडवाडीत दूध गोळा करणारी संस्था नव्हती. तिथल्या बाया आपापली किटली घेऊन ओढ्यापर्यंत चालत यायच्या आणि गुलाब गाडीच्या फळीवर माप ठेवून दूध मोजून घ्यायचा.

तिथंच जाईबाई त्याला पुन्हा भेटली. केस पांढरे झाले होते. तिनं त्याला ओळखलं नाही. गुलाबनं आईचं नाव सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "व्हय का? बरी हाय का ती?" बस, एवढंच. खडीचं तिच्या मनातही नव्हतं.

हिवाळ्यात ठीक चालायचं. उन्हाळा लागला की वाडीपासून ओढ्यापर्यंतच्या वाटेत दूध तापायचं. किटलीला ओलं फडकं गुंडाळून, डोक्यावर लिंबाचा पाला ठेवून बाया आणायच्या. तरी नळदुर्गला पोचेपर्यंत त्यांचा कॅन नासायचा. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट त्यांना सांगायची पाळी गुलाबवर यायची. जाईबाई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुझा काय दोष, लेकरा. ऊन हाय." हे तिचं समजून घेणंच त्याला सोसवत नसे.

एकदा त्यानं ठरवलं, की गाडी ओढ्यापलीकडं घालायचीच. ओढा कोरडा होता. तो सहज ओलांडला. पण पलीकडं थोडं चढून गेल्यावर खालून असा आवाज आला, की जणू कुणी घण घातला. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, ज्याच्या आत चाकं फिरवणारे दाते तेलात बुडलेले असतात, तो खडकाच्या धारेवर बसला होता. मागची चाकं नुसती गरगरत होती. बायांनी मागून रेटा दिला, तेव्हा गाडी सुटली. गोळ्याला चीर गेली होती आणि तेल मातीत गळत होतं.

आबारावांनी गाडी दुरुस्तीला पाठवली. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर गुलाबला म्हणाले, "त्या वाडीचा नाद सोड. बाकीची गावं हायेत."

"आबा, गाडी उंच केली तर जाईल."

"उंच? गाडी काय पोर हाय का वाढायला?"

"पाट्यांत काम करून उंच करत्यात. ट्रकवाले करत्यात."

आबारावांनी पानाला चुना लावता लावता विचार केला. "कर. खर्चाचं मी बघतो. पण सकाळचं दूध एक दिवस बी चुकता कामा न्हाय. आणि गाडी बिघडली तर तुला मी सोडणार न्हाय."

गुलाबच्या अंगात उत्साह मावेना, आणि उत्साहात माणूस घाई करतो. हमरस्त्यावर मोडक्या ट्रकांचं सामान विकणारा एक जण होता. गाडीचं ओझं झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांना तिकडं पाटे म्हणतात. गुलाबनं ट्रकचे जाड पाटे निवडले, ते कापून घेतले आणि तिथल्याच एका फिटरकडून पिकअपच्या पाट्यांखाली बसवून घेतले. गाडी झकास वर आली. गुलाब दोन पावलं मागं सरकून बघत राहिला, नव्या नवरीकडं बघावं तसा.

दुसऱ्या दिवशी कळलं. ट्रकचा पाटा ट्रकच्या ओझ्याला वाकतो. पिकअपच्या ओझ्याला तो दाद देईना. लहानसा खड्डा आला तरी गाडी दगडासारखी आदळायची, कॅन नाचायचे, झाकणं उडायची. गुलाबचा जबडा दुखायला लागला. नळदुर्गला दूध तपासणाऱ्यानं कॅन उघडला, तर झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्याचे गोळे चिकटलेले.

"गुलाबभाऊ," तो म्हणाला, "दूध आणा म्हनलं व्हतं. तुमी तर ताक करून आणलं."

सगळं दूध केंद्र हसलं. गुलाबही हसला आणि झाकण पुसू लागला. संध्याकाळी ढाब्यावर चहा पिताना एका ट्रकवाल्यानं त्याची गाडी बघितली आणि विचारलं, "हे कुणी केलं? ईरण्णाकडं गेला न्हाईस का?"

ईरण्णा मिस्त्रीची पाट्यांची भट्टी किल्ल्याकडं जाणाऱ्या वाटेवर लिंबाखाली होती. माणूस सीमेपलीकडचा, घरात कानडी बोलणारा. कपाळाला विभूती, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. भट्टीचा भाता त्याची बायको लक्ष्मम्मा ओढायची. ती एका लयीत भाता ओढी आणि पोलादाचा रंग बघून नवऱ्याच्या आधी "साकु" म्हणे, म्हणजे पुरे. ईरण्णा तिचं ऐकायचा.

गुलाब गाडी घेऊन आला तेव्हा ईरण्णानं आधी गाडीला एक फेरी मारली. मग आडवा होऊन खाली बघितलं. उठून हात पुसत म्हणाला, "ट्रकचा पाटा घातलास."

"व्हय मिस्त्री. चुकलं."

"चुकलं न्हाय. उतावळेपणा झाला. बस. आता सांग, गाडीत काय नेतोस?"

"दूध."

"किती? भरून कधी असते, रिकामी कधी असते? आणि खाली टेकते कुठं?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गुलाबला देता आली. तिसऱ्याला तो म्हणाला, "गोळा टेकतो."

"गोळाच टेकतो, की आणखी काय टेकतं? पुढं टेकतं का? किती टेकतं?"

गुलाब वाकून गाडीखाली बघू लागला. ईरण्णा म्हणाला, "मग चल बघू. जागा बघितल्याबिगर औषध सांगणारा वैद्य खरा न्हाय."

आधी ट्रकचे पाटे काढून गाडी पहिल्यासारखी केली आणि दूध पोचवून झाल्यावर दुपारी दोघं धोंडवाडीच्या वाटेला लागले. ईरण्णानं बरोबर चुन्याची बादली घेतली होती. ओढ्यापलीकडं जाऊन त्यानं खडकाच्या धारेला, उंच दिसेल त्या प्रत्येक दगडाला ओला चुना फासला. मग गुलाबला म्हणाला, "आता मुंगीच्या पावलानं ये. टेकलं की थांब, जोर करू नको." तो स्वतः गाडीच्या बाजूनं वाकून चालत होता. गाडी टेकली की थांबवायचा, मागं घ्यायला लावायचा, दगड ठेवून चाक वर उचलायला लावायचा, पुन्हा पुढं. ओळखीची गाडी बघून जाईबाई आणि आणखी दोघीतिघी पाणवठ्यावरून आल्या आणि बघत उभ्या राहिल्या.

"दगडाला चुना कशापायी लावलाय ओ?" जाईबाईनं विचारलं.

"लग्न हाय," ईरण्णा शांतपणे म्हणाला. "ह्या गाडीचं न् तुमच्या वाटेचं."

बाया खळखळून हसल्या.

वरपर्यंत जाऊन आल्यावर ईरण्णा गाडीखाली शिरला. जिथं जिथं पांढरं लागलं होतं, तिथं बोट लावून त्यानं गुलाबला दाखवलं. गोळ्याला लागलं होतंच. पण धुराच्या नळीलाही लागलं होतं, आणि पुढच्या आसाला अगदी पुसटसं. त्यानं हाताची बोटं आडवी लावून मापलं. "मागं चार बोटं पायजे. पुढं तीन. त्याच्यावर एक बोट बी नको."

"जास्त केली तर बरंच की मिस्त्री. पावसाळ्यात कामाला येईल."

"उंच मान्साला वारा जास्त लागतो. गाडीचं बी तसंच. गरजेपुरती उंच कर, न्हायतर वळणावर कलंडशील."

मग लिंबाखाली परत येऊन दोघं बसले आणि काय करायचं ते ठरवू लागले. लक्ष्मम्मानं चहा आणला. गुलाबनं मोठी चाकं घालण्याचं सुचवलं. ईरण्णा म्हणाला, की मोठं चाक वळवलं की मडगार्डाला घासणार, आणि इंजिनाला जड जाणार ते वेगळंच. पाटा आणि आस यांच्यामधे लोखंडी ठोकळा घातला तर गाडी वर येते, ते स्वस्त काम. "मग तेच करू," गुलाब म्हणाला.

"मागं लहान ठोकळा चालतो. पुढं मी घालणार न्हाय."

"का?"

"पुढच्या चाकावर ब्रेकचा सगळा जोर येतो. ठोकळा सरकला तर चाक एकीकडं, तू एकीकडं. असं करून देणारे हायेत. मी देत न्हाय."

शेवटी ईरण्णानं सांगितलं ते असं: जुनेच पाटे काढून, तापवून त्यांचा बाक वाढवायचा, प्रत्येक जुडग्यात पिकअपच्याच जाडीचा एकेक पाटा नवा घालायचा, आणि मागं लहानसा घट्ट ठोकळा. वेळ जास्त, मेहनत जास्त. पण गाडी उंचही राहील आणि मऊही.

"तुझ्या दुधाचं ताक व्हायचं न्हाय," एवढं बोलून त्यानं पेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध पोचवून गुलाब थेट भट्टीवर आला. ईरण्णानं त्याला सदरा काढायला लावला. "ड्रायव्हर हायस, नुसतं बघू नको. आपल्या गाडीची हाडं आपल्याला ठावं पायजेत."

गाडी जॅकवर घेतली, खाली बाभळीचे ओंडके लावले. पाटे आसाला धरून ठेवणारे यू आकाराचे बोल्ट गंजून गच्च बसले होते. त्यांवर रॉकेल सोडून, वाट बघून, मग लांब पाना लावून दोघांनी मिळून जोर केला तेव्हा पहिला सुटला. पाटे एकेक करून भट्टीत गेले. लक्ष्मम्मा भाता ओढत होती. पाटा लाल झाला, मग केशरी झाला, आणि ती "साकु" म्हणाली. ईरण्णानं सांडशीनं पाटा उचलला, लाकडी साच्यावर ठेवून नेमका बाक दिला आणि तेलात बुडवला. धुराचा लोट उठला. मग तोच पाटा पुन्हा मंद आचेवर धरून त्यावर तो लिंबाची वाळकी काडी घासायचा. काडी नुसती काळी पडली की नाही म्हणायचा, ठिणगी धरली की बाजूला ठेवायचा.

"हे कशाला?" गुलाबनं विचारलं.

"नुसतं तेलात बुडवलेलं पोलाद अंगात मस्ती असलेल्या पोरासारखं. कडक, पण मोडतं. त्याला जरा शांत करावं लागतं."

दुपार टळून गेल्यावर पाटे परत चढले. गाडी चाकांवर उतरली तेव्हा गुलाबला वाटलं, झालं. पण ईरण्णा पुन्हा खाली शिरला. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. पुढच्या चाकाकडं जाणारी ब्रेकची रबरी नळी तंग होत होती, वीणेच्या तारेसारखी. गुलाबला ती दिसलीही नव्हती. "गाडी वर गेली, नळी तेवढीच राहिली," ईरण्णा म्हणाला. "वाडीच्या उतारावर तुटली असती." लांब नळी बाजारातून आणून बसवेपर्यंत त्यानं गाडीला हात लावू दिला नाही. मग इंजिनापासून मागं जाणारा दांडा फिरवून बघितला, आणि गाडीत आसपासची माणसं चढवून त्यांना उड्या मारायला लावल्या. लक्ष्मम्मासुद्धा पदर खोचून चढली.

गुलाब त्या नळीकडं बघत राहिला होता. तो म्हणाला, "मिस्त्री, तुमी न्हाय बघितलं असतं तर..."

"मी बघणारच व्हतो. माझं कामच हाय ते." ईरण्णानं हात राखेनं चोळले. "पन एक ध्यानात ठेव. उतारावर, वळणावर पैल्यापरीस हळू. आणि आठ दिवसांनी बोल्ट परत आवळायला ये. नवीन काम बसतं, ढिलं पडतं. आला न्हाईस तर मी येईन, आणि मग ओरडेन."

दुसऱ्या दिवशी गुलाबनं ओढा ओलांडला. पुढं खडकाची धार आली तशी त्यानं गाडी मुंगीच्या पावलावर आणली. गाडी एका अंगावर झुकली, सरळ झाली, पुन्हा झुकली, आणि खालून एकही आवाज आला नाही. वाडीच्या तोंडाशी चिंचेखाली त्यानं गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला. बाया किटल्या घेऊन ओढ्याकडं निघण्याच्या बेतात होत्या. त्या दारातूनच बघत राहिल्या. जाईबाई पुढं आली. तिनं गाडीच्या चाकावर हात ठेवला, गुडघ्यावर वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, "आली की रं. आपल्या दारात आली."

गुलाबला तिला खडीची आठवण द्यावीशी वाटली. पण त्यानं माप काढलं आणि म्हणाला, "आणा मावशी, तुमची किटली पैली."

इथं एक अडचण निघाली, जिचा विचार ना गुलाबनं केला होता ना ईरण्णानं. ओढ्याच्या दरडीवरून गाडीची फळी हाताला यायची; इथं सपाट जागेवर, चार बोटं वर गेलेली फळी बायांच्या छातीला लागत होती. तरण्याताठ्या किटली उचलून द्यायच्या. पण कस्तुराबाई होती, वाडीतली मोठी शेतकरीण, वयानं वाकलेली. ओढ्यावर येऊ लागल्यापासून तिची एक रीत होती. ती स्वतःच किटलीतून मापात दूध ओतायची आणि स्वतःच किटली घेऊन मागं सरायची. गुलाबचा हात किटलीला लागू द्यायची नाही. कधी वाईट बोलली नाही. पण का, ते दोघांनाही ठाऊक होतं. गुलाबनं तिच्यापुढं माप सरकवून हात मागं घ्यायची सवय लावून घेतली होती.

आज फळी तिच्या हाताला येईना. तिनं टाचा वर केल्या. किटली डुचमळली, थोडं दूध मनगटावरून ओघळलं. जाईबाई पुढं होऊन किटली घेणार, तोच कस्तुराबाईनं तिला कोपरानं अडवलं. मान वर करून गुलाबकडं बघितलं.

"धर बाबा," ती म्हणाली. "सांडतंय."

गुलाबनं वाकून दोन्ही हातांनी किटली घेतली, मापली, रिकामी करून परत दिली. तिनं ती घेतली आणि बाकीच्या बायांत जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्याही दिवशी. मग ती सवयच झाली. गाडी चार बोटं उंच झाल्यानं काय काय झालं ते गुलाब सगळ्यांना सांगायचा, एवढी एक गोष्ट सोडून. ती त्यानं फक्त आईला सांगितली. आई म्हणाली, "म्हातारीचं भलं हो."

पुढं बायांनीच चिंचेखाली दगडी कट्टा रचला. खडी फोडलेले हात होते. कुठला दगड कुठं बसतो ते त्यांना शिकवायला नको होतं. कट्ट्यावर उभं राहिलं की फळी बरोबर कमरेला यायची. उन्हाळ्यातही धोंडवाडीचं दूध नासायचं थांबलं. दुधाचा पैसा वाडीत येऊ लागला, तशा दारात एकीच्या दोन म्हशी झाल्या.

शहाऐंशीच्या सुमाराला पुन्हा पावसानं पाठ फिरवली. धोंडवाडीची विहीर तळाला गेली. सरकारी टँकर आला, पण तो ओढ्यापाशीच थांबला; भरलेला टँकर त्या वाटेवर चढवणं म्हणजे तो उलटवणं. दावणीची जनावरं घेऊन खाली जावं, की विकावी, अशी बोलणी वाडीत सुरू झाली. गुलाबनं आबारावांना विचारलं, तर त्यांनी पान तोंडातच ठेवून मान हलवली. "दूध आणून झालं की गाडी तुझी. पाणी ने."

गुलाब आधी ईरण्णाकडं गेला. ईरण्णाला आता दम लागायचा. भट्टीवर कमी बसायचा. पण खाटेवरून उठून त्यानं पाट्यांवर हातोडी वाजवून बघितली, कान लावला, बोल्ट आवळले. म्हणाला, "दुधाचे कॅन बंद असतात. उघडं पाणी डुचमळतं. पिपं काठोकाठ भर, वर झाकण आवळ, आणि एकमेकांना दोरानं बांध. अर्धं पिप न्यायचं न्हाय. अर्ध्या पिपानं मानसं मारलीत."

टँकरमधून पिपं भरायची, ओढा ओलांडायचा, खडकाच्या धारेवरून वर जायचं, रिकामं होऊन परत. असं तो सबंध उन्हाळाभर करत राहिला. एकदा दोर सुटून एक पिप कडेला सरकलं आणि गाडी अशी कलली, की त्याला खिडकीतून सरळ ओढ्याचं पात्र दिसलं. पण तो मुंगीच्या पावलानं चालला होता, म्हणून जागेवर थांबता आलं. तो खाली उतरला. पिप पुन्हा बांधलं आणि मग थोडा वेळ दगडावर बसून राहिला. ईरण्णाचे 'मुंगीच्या पावलानं ये' हे शब्द त्या घडीला त्याच्या कानात होते, असं तो सांगायचा.

धोंडवाडीतलं एकही जनावर विकलं गेलं नाही.

पाऊस झाल्यावर वाडीनं गुलाबला जेवायला बोलावलं. तो म्हणाला, मिस्त्री आल्याशिवाय येणार नाही. मग ईरण्णा आणि लक्ष्मम्मा दोघांना पुढं शेजारी बसवून तो घेऊन आला. जेवण कस्तुराबाईच्या घरी होतं. ओसरीवर नाही, आत, चुलीजवळ. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा आणि वाडगंभर दूध. ईरण्णा कमी बोलणारा; पण त्या दिवशी तो पुन्हा पुन्हा बाहेर बघत होता. म्हणाला, "जन्मभर गाड्यांखाली झोपलो. गाडी जाते कुठं, ते कधी बघितलं न्हाय. आज बघितलं." लक्ष्मम्मानं डोळ्यांना पदर लावला.

जेवण झाल्यावर गुलाब जुन्या सवयीनं आपलं ताट उचलून धुवायला निघाला. कस्तुराबाईनं त्याच्या हातातून ते काढून घेतलं. "ठेव," ती म्हणाली. "पावण्यानं ताट धुयाचं नसतं."

त्यानंतर काही वर्षांतच ओढ्यावर फरशी पूल झाला, वाट डांबरी झाली आणि धोंडवाडीत संस्था निघाली. जाईबाई तिची पहिली चेअरमन. संघानं मोठी गाडी घेतली आणि जुनी पिकअप परंड्याच्या एका वीटभट्टीवाल्याला विकली. ती पोचवायला गुलाबच गेला. ईरण्णा त्या आधीच्या हिवाळ्यात वारला होता.

परंड्याच्या स्टँडजवळ नव्या मालकानं गाडीला फेरी मारली आणि विचारलं, "एवढी उंच कशाला केली ओ?"

गुलाबनं त्याला बोल्ट कधी आवळायचे ते सांगितलं, उतारावर कसं जायचं ते सांगितलं, पुढच्या चाकाखाली ठोकळा कधी घालू नका म्हणून बजावलं. मग दोघं चहाच्या टपरीवर बसले आणि त्यानं चुन्याच्या बादलीपासून सुरुवात केली. जाईबाई आली, लक्ष्मम्माचा भाता आला, वाळक्या काडीची ठिणगी आली. गुलाबची परतीची कुर्डुवाडीची एसटी लागली आणि सुटून गेली. वीटभट्टीवाल्यानं आठवण करून दिली, तर गुलाब म्हणाला, "जाऊ द्या. दुसरी येईल. आधी मिस्त्री कसा व्हता, ते तर ऐका."